सातांतली तीनच उरली



मडगावच्या बोर्डा भागातून जाताना सिल्वा घराण्याच्या घरापाशी मान आपोआप वर होते. अठराव्या शतकाच्या शेवटी, १७९०च्या सुमारास, व्हाइसरॉयच्या सचिवपदी असलेल्या सिल्वा यांनी ते बांधलं. आत घराचं स्वतःचं कपेल आहे. छपराला सात उंच, टोकदार शिखरं होती, म्हणून लोक त्याला ‘सात बुर्णझांचं घर’ म्हणू लागले. आज त्यांतली तीनच उभी आहेत. नाव मात्र सातांचंच!

आपल्या सासष्टीतली जुनी घरं आपण बघतो ती समोरून. बाल्कांव, त्यावरचे सोपे, शिंपल्यांच्या खिडक्या, दिवाणखान्यातली झुंबरं. पण घर जगतं ते छपरावर. जांभ्याच्या भिंती जाड खऱ्या, पण त्या डोक्यावर पाणी सोसत नाहीत. एक नळा सरकला की वासा भिजतो, वासा कुजला की भिंतीत पाणी उतरतं, आणि मातीचा दर्जा धुऊन जातो. म्हणून तर दर मे महिन्यात घर शाकारायची रीत होती.

आमच्या शापायच्या घराचे आज अकरा वारस. गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी सारखी, ते चांगलंच आहे. पण वाटणी होईपर्यंत घर सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. चार वर्षं कुणी शाकारलं नाही. गेल्या जुलैत रांदचे कूड खाली बसले. लिस्बन, लंडन, मस्कतहून फोन आले, “फोटो पाठव.” फोटो पाठवले. पैसे कुणीच पाठवले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही मागितले नव्हते.

शेजारच्या हिंदू घरांची गत निराळी नाही. तिथेही राजांगणातली तुळस एकटी.

एक सुचवावंसं वाटतं. फेस्ताचं प्रेजिदेंतपण आपण पाळीपाळीनं घेतोच ना? तशीच छपराची पाळी लावावी. एका वर्षी एका वारसानं शाकारणीचा खर्च उचलावा, दुसऱ्या वर्षी दुसऱ्यानं. त्यासाठी वाटणी लागत नाही, वकील लागत नाही. वाड्यावरच्या विगारांनी ईस्टरनंतर मिशीत आठवण करून दिली तरी पुष्कळ.

वाटे मागाहून होतील. पाऊस कुणासाठी थांबत नाही.

— एक वाचक, सासष्टी