वही जिची, हुकूम तिचा

आघात सोसलेल्या बाईला आपल्याकडे सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे, ‘झालं गेलं विसर, खपली काढू नकोस.’ सांगणाऱ्यांच्या मनात काळजीच असते आणि त्यांची भीती निराधारही नाही. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहून घेतलं. हा प्रयोग १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आपल्यावरचा आघात आणि त्यामागच्या भावना असं दोन्ही लिहिलं, त्यांचा रक्तदाब लिहून उठताना वाढलेला होता, मन अधिकच खिन्न होतं. लिहिण्याला विरोध करणारे इथवरच वाचतात. पुढच्या काही महिन्यांत या विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या खेपा मात्र किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत हा फायदा बेताचाच दिसला, तरी लिहिताना दुखलं म्हणजे अपाय झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मला जास्त चीड येते ती लेखन-शिबिरं घेणाऱ्या उत्साही मंडळींची. ‘सगळं लिहा, सगळ्यांसमोर वाचा, मोकळे व्हा!’ जिच्यावर अत्याचार झाला, तिला त्या क्षणी कुणी विचारलं नव्हतं. आता शिबिरातही विचारायचं नाही? आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सारं बोलून घेण्याच्या पद्धतीचा संशोधकांनी आढावा घेतला, तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही. सक्तीने ती वापरू नये, असंच त्यांनी बजावलं.

दलित लेखिका बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचत आणि आपलं लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवत. १९८६मध्ये ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन पुस्तकरूपाने आलं. त्यात समाजाचं सोसणं आहे; नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या मोकळेपणाने बोलल्या त्या पुढे मुलाखतीत. लिहून त्या बऱ्या झाल्या, असा दावा मी करणार नाही. पण काय लिहायचं, कधी दाखवायचं, काय राखून ठेवायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. लेखनातलं बळ मला इथे दिसतं.

कथा-कविता तर आत्मकथनाहून जास्त मुभा देतात. ‘मी’ लिहिताना हात थरथरत असेल तर ‘ती’ लिहिता येतं. त्या रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशीच्या चहापासून सुरुवात करता येते. जे ओरडता आलं नाही, ते पात्राच्या तोंडी घालता येतं. पोलिसांपुढच्या जबाबात यातलं काहीच चालत नाही. तिथे क्रम त्यांचा, प्रश्न त्यांचे.

म्हणून शिबिर घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगावं: वाचून दाखवायची सक्ती नाही, पान फाडलं तरी चालेल, मध्येच उठून गेलात तरी कुणी कारण विचारणार नाही. आणि लिहू लागल्यावर कुणाची झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर वही मिटून तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जाणारं माणूस शिबिरात हजर हवं.