तुसितालाचं बिऱ्हाड

दोस्तांनो, समजा उद्या सकाळी आईबाबांनी जाहीर केलं, "चला, सामान बांधा! आपण कायमचे एका बेटावर राहायला जाणार." तर काय कराल? नाचाल! समुद्र, नारळाची झाडं, शाळेला सुट्टी... पहिले चार दिवस धमाल. पण पाचव्या दिवशी? दुकानात जाऊन मीठ मागायचं, तर मिठाला तिथे काय म्हणतात ते ठाऊक नाही. शेजारी हसला, तर तो आपल्याशी हसला की आपल्याला हसला, तेही कळत नाही! बेटावर फिरायला जाणं वेगळं आणि बेटावर बिऱ्हाड थाटणं वेगळं.

असं बिऱ्हाड थाटणाऱ्या एका जोडप्याची हकिगत आज सांगणार आहे. त्यातल्या नवऱ्याला तुम्ही ओळखता. लंगडा जॉन सिल्व्हर, त्याच्या खांद्यावरचा पोपट आणि फुलीची खूण असलेला नकाशा आठवतोय ना? ती 'ट्रेझर आयलंड' कादंबरी लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तो हाच. १८८३ साली त्याची ही कादंबरी पुस्तकरूपानं आली आणि जगभरची मुलं मनातल्या मनात बेटावर जाऊन पोचली. पुढे सहा-सात वर्षांनी लेखकावरच खरोखरीच्या बेटावर राहायची पाळी आली. पण तिथे खजिना नव्हता. तिथे होतं तण!

लुईचा जन्म १८५० सालचा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. त्याचे आजोबा आणि वडील समुद्रात दीपगृहं बांधणारे नामांकित इंजिनिअर. लुईची प्रकृती मात्र लहानपणापासून तोळामासा. छातीचा विकार, थंडी पडली की खोकला, कधी कधी रक्तसुद्धा पडायचं. त्याची बायको फॅनी अमेरिकन, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि भलती खटपटी बाई. चांगल्या हवेच्या शोधात ही दोघं १८८८ साली शिडाच्या नौकेतून पॅसिफिक महासागरात शिरली आणि फिरत फिरत डिसेंबर १८८९ मध्ये सामोआ बेटांवरच्या अपिया बंदरात उतरली.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इथे मोठं वादळ झालं होतं. बंदरात जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या मिळून सात युद्धनौका एकमेकींवर डोळे वटारून उभ्या होत्या. वादळानं कुणाचा झेंडा पाहिला नाही. एक ब्रिटिश जहाज तेवढं कसंबसं खुल्या समुद्रात निसटलं. बाकीच्यांची दाणादाण उडाली. एका जर्मन नौकेचा सांगाडा प्रवाळाच्या खडकावर कितीतरी वर्षं तसाच आडवा पडून होता. या तिघा बड्यांना एवढ्याशा बेटावर काय हवं होतं? जमीन, खोबऱ्याचा व्यापार आणि सत्ता. सामोअन लोकांचा राजा कोण असावा, हेही तेच ठरवू पाहत होते. हे लक्षात ठेवा हं, पुढे त्याचं काम आहे.

अपियापासून तीन मैलांवर, डोंगराच्या अंगाला, लुईनं सुमारे तीनशे एकर रान विकत घेतलं. जागेचं नाव वाइलिमा. सामोअन भाषेत 'वाइ' म्हणजे पाणी आणि 'लिमा' म्हणजे पाच. गंमत म्हणजे 'लिमा'चा दुसरा अर्थ हात! झाडांच्या शेंड्यांवरून दूरवर समुद्र दिसायचा. आधी विचार होता अधूनमधून येऊन राहायचा. पण सिडनीला गेल्यावर लुई इतका आजारी पडला, की थंड मुलुखात परतणं म्हणजे मरण, हे कळून चुकलं. आता गाव म्हणायचं ते वाइलिमाच. १८९० सालच्या उत्तरार्धात दोघं परत आली आणि एका छोट्या लाकडी घरात संसार मांडला.

कसा होता हा संसार? प्रसिद्ध लेखकाचा बंगला वगैरे काही नाही. त्याच सुमारास हेन्री ॲडम्स नावाचे अमेरिकन इतिहासकार भेटायला आले, तर लुईसाहेब मळक्या पायजम्यात, आणि पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे! घरात वाणसामानाची इतकी ओढाताण, की एकदा दोघांच्या जेवणात मिळून एकच अव्होकाडो होतं.

आणि तण! तुम्ही लाजाळूच्या पानांना बोट लावून खेळता ना? ती लाजाळू म्हणजे लुईची हाडवैरी. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती सामोआतही पोचली होती आणि साफ केलेल्या जमिनीवर भराभर पसरत होती. पानं लाजतात, पण काटे काही लाजत नाहीत! लुई सकाळी लिहायचा आणि मग उरलेला वेळ ती उपटत बसायचा. हात रक्तबंबाळ व्हायचे. पण ज्या माणसानं वर्षानुवर्षं अंथरुणात काढली, तो आता चिखलात उभा राहून तासन् तास राबत होता, घोड्यावर बसून बंदरावर जात होता. यापरता आनंद कोणता?

फॅनीचं तर जमिनीशी मैत्रच जुळलं. तिनं परमुलखातून बिया मागवल्या, वाफे केले, भाज्या पिकवल्या. कोकोची रोपं लावण्यात तर सगळं घर गुंतलं. एकदा लुई तिला म्हणाला, की तुझा पिंड शेतकऱ्याचा आहे. आपल्याकडे हे ऐकून एखादी खूश झाली असती. पण फॅनीला स्वतःला लेखिका, कलावंत म्हणवून घ्यायचं होतं. तिला ते फार लागलं. रोजनिशीत तिनं तसं लिहूनही ठेवलंय. म्हणजे पाहा, बेट कितीही सुंदर असो, नवराबायकोची कुरबुर तिथेही असतेच! पुढे १८९३ साली फॅनी मनानं फार आजारी झाली. तेव्हा स्वतः नेहमीचा रोगी असलेल्या लुईनं तिची काळजी वाहिली.

हळूहळू मोठं घर उभं राहिलं. एडिंबऱ्याहून लुईची आई आली; फॅनीची मुलं आणि नातू आले. भर उष्ण प्रदेशात लुईनं घरात चक्क शेकोटीची जागा बांधून घेतली! घरची आठवण माणसाला काय काय करायला लावते!

दुसरीकडे लुई सामोअन भाषा गिरवत होता. १८९१ साली त्याची 'बाटलीतला सैतान' ही कथा भाषांतर होऊन मिशनच्या सामोअन मासिकात आली. मागाल ते देणारा सैतान एका बाटलीत असतो, अशी ती कथा. वाचणाऱ्यांना वाटलं, हे खरंच असणार! नाहीतर नुसतं कागदावर लिहून एवढं मोठं घर कसं बांधता येईल? घरी आलेले पाहुणे हळूच विचारायचे, ती बाटली कुठे ठेवलीय? सामोअन लोक त्याला तुसिताला म्हणू लागले. 'तुसि' म्हणजे लिहिणं, 'ताला' म्हणजे गोष्ट. गोष्टी लिहिणारा!

आता तुम्ही म्हणाल, भाषा शिकला, घर बांधलं, टोपणनाव मिळालं. म्हणजे झाला की तिथला! थांबा. नोकरचाकर बाळगणारा, शेकडो एकरांचा मालक असलेला गोरा माणूसच होता तो. असे गोरे जमीनदार अपियात आणखीही होते. मग सामोअन लोकांनी यालाच आपला का मानलं?

तर त्या तीन बड्या देशांची गोष्ट आठवा. त्यांच्या अधिकाऱ्यांचा कारभार लुईला पटत नव्हता. गप्प बसला असता तर सुखानं राहिला असता. पण त्यानं लंडनच्या वर्तमानपत्राला पत्रं धाडली आणि १८९२ साली सामोआतल्या भांडणांवर पुस्तकच लिहिलं. अधिकारी खवळले. त्या वर्षाअखेरीस असा नियम निघाला, की सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या ब्रिटिश माणसाला शिक्षा होऊ शकेल. रोख कुणावर होता, ते सांगायला नकोच! हद्दपारी झाली असती, तर ज्या हवेवर त्याचा जीव तगला होता, तीच सुटली असती. तरी तो हटला नाही.

१८९३ साली लढाई झाली. लुईचा मित्र असलेले सरदार माताआफा हरले. त्यांना बेटाबाहेर पाठवलं गेलं आणि त्यांच्या बाजूचे सरदार अपियाच्या तुरुंगात पडले. अशा वेळी हरलेल्यांकडे कोण फिरकतं? लुईच्या घरची माणसं फिरकली. त्यांनी कैद्यांना खाऊपिऊ नेलं, आजाऱ्यांसाठी डॉक्टर नेला, त्यांच्यात जाऊन बसली.

१८९४ साली सुटका झाल्यावर त्यांच्यातले काही सरदार वाइलिमाला आले. म्हणाले, तुमच्या घरापर्यंत रस्ता नाही, तो आम्ही बांधणार, आणि मजुरी घेणार नाही. हे सरदार होते बरं का, मजूर नव्हेत! कुदळफावडं हाती घेऊन त्यांनी रस्ता तयार केला आणि त्याला नाव दिलं 'प्रेमळ हृदयांचा रस्ता'.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ डिसेंबर १८९४ ला, सकाळी लुईनं भरपूर लेखन केलं. संध्याकाळी तो व्हरांड्यात फॅनीला स्वयंपाकात मदत करत होता. अचानक त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही तासांत सगळं संपलं. वय अवघं ४४. छातीच्या विकाराची आयुष्यभर धास्ती घेतली, आणि नेलं दुसऱ्याच कशानं.

बातमी कळताच सामोअन लोक आपल्याकडच्या मौल्यवान चटया घेऊन आले आणि रात्रभर त्याच्यापाशी बसले. वाइलिमामागच्या वाएआ डोंगराच्या माथ्यावर त्याला जागा हवी होती. पण वर वाटच नव्हती. माणसांनी झाडी तोडून एका दिवसात वाट काढली आणि शवपेटी खांद्यांवरून माथ्यावर नेली. फॅनी पुढे अमेरिकेत गेली, १९१४ साली वारली. दुसऱ्या वर्षी तिच्या अस्थी लेकीनं वाएआवर आणल्या. तिथे समुद्राकडे तोंड करून दोघं शेजारी शेजारी विसावली आहेत. सामोआ १९६२ साली स्वतंत्र झाला आणि १९९४ पासून वाइलिमाच्या घरात स्टीव्हन्सनचं संग्रहालय आहे.

मित्रांनो, जमीन लुईनं पैसे मोजून घेतली होती. कागदावर शिक्का बसला तेव्हा तो तिचा मालक झाला. पण 'आपला माणूस' असा शिक्का कुठल्या कचेरीत मारून मिळत नाही. तो मारायला तुरुंगातून सुटलेले लोक कुदळ घेऊन आले.

तुमच्या चाळीत, कॉलनीत, वर्गात यंदा कुणी परगावाहून, परप्रांतातून आलंय का? त्याला दुकानात मीठ कसं मागायचं ते कुणी सांगितलं? आणि त्याच्या भाषेत मिठाला काय म्हणतात, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं? विचारा, आणि तो शब्द मला पत्रानं कळवा. वाट पाहतोय!