लांबचा रस्ता जवळचा

दादा सॅन फ्रान्सिस्कोला निघाला तेव्हा आईने एकच विचारले, "किती लांब रे ते?" मी पडलो भूगोलाचा विद्यार्थी. कॉलेजातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला आणि ऐटीत सांगितले, "दिल्लीपासून सुमारे 12,400 किलोमीटर." दोरा हिमालय, चीन, सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून गेला होता. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याला हा रस्ता जन्मात सापडायचा नाही, म्हणून स्वारी खूश होती.

पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही. वाटेत तिबेटचे पठार आहे. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला झटपट दहा हजार फुटांवर उतरावे लागते, आणि तिथे जमीनच त्याहून उंच! एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई. अंतर सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे 15,300 झाले. वेळ मात्र साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

विज्ञान शाखेतला माझा एक मित्र म्हणाला, "त्यात काय? पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, तिची मदत होते." काही बातम्यांतही तेव्हा असेच छापून आले होते. तसे असते तर बेळगावात उडी मारणारा गोव्याच्या बाजूला जाऊन पडला असता, आणि घाई असलेली विमाने पश्चिमेकडे निघाली असती. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, हे आपण विसरतो. खरी मदत वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, हिवाळ्यात अधिकच जोरात. विमान त्याच्यावर स्वार होते.

आमच्या प्रश्नपत्रिकेत मात्र "दोन शहरांतील अंतर काढा" एवढेच असते. उत्तर एक आकडा, गुण दोन. लांबच्या रस्त्याने लवकर का पोहोचतो, हे एकदा तरी विचारा की! शिवाय आकाशातला रस्ता एका रात्रीत बदलतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, आणि दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमाने अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. शहरे होती तिथेच होती.

हे सगळे मी आत्ताच का लिहितो आहे, तर येत्या सोमवारी बाबांचे ऑपरेशन आहे. दादा निघतो म्हणाला. आईने या वेळी लांबी विचारली नाही. "घरातून निघाल्यापासून आपल्या दारात येईपर्यंत किती वेळ?" असे विचारले. मी कागद घेऊन बसलो. त्याच्या घरापासून विमानतळ, तिथली रांग, मग आकाशातले तास (येताना वारा समोरून, म्हणजे जास्तच), दिल्लीत खोळंबा, पुढचे विमान, शेवटी गावची बस. बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा वेगळी आली.