ज्वालामुखीच्या छायेतील सणवार

२ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा स्मरणदिन. त्या दिवशी वसईच्या दफनभूमींत जशा मेणबत्त्या तेवतात, तशाच त्या इंडोनेशियातील कथलिक बहुसंख्य फ्लोरेस बेटावरही कबरी-कबरींवर तेवतात. २०२४ साली हा दिवस पार पडला आणि दुसऱ्याच रात्री, ३ नोव्हेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास, बेटाच्या पूर्व भागातील लेवोतोबी लाकी-लाकी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. तप्त दगडांच्या वर्षावाने घरे पेटली. किमान नऊ जण मृत्युमुखी पडले. होकेंग येथील मठातील एक धर्मभगिनी त्यांत होती. तेथील सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनाही अन्यत्र हलवावे लागले. दहा हजारांहून अधिक लोक बेघर झाले. जुलै २०२५ मध्ये राखेचा स्तंभ सुमारे १८ कि.मी. उंच गेला, तेव्हा हे संकट एका रात्रीचे नाही हे स्पष्ट झाले.

डोंगराजवळची गावे कायमची अन्यत्र वसवावीत, हे शासनाचे धोरण आम्हांस योग्य वाटते. 'देवावर भरवसा आहे' म्हणून धोक्याच्या क्षेत्रात राहणे ही श्रद्धा नव्हे. प्रभू येशूने मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्याचा मोह नाकारलाच होता. परंतु शेतकऱ्याचे पाऊल मागे वळते ते केवळ भोळेपणाने नव्हे. नोव्हेंबरात पावसाबरोबर मक्याची पेरणी येते, शेत तिथे, वाडवडिलांच्या कबरी तिथे. लामाहोलोट भाषेत 'लेवो' म्हणजे गाव; ज्वालामुखीच्या नावातही तो शब्द आहे.

याच परिसराचे धर्मप्रांतीय केंद्र असलेल्या लारांतुका शहरात पवित्र आठवड्याला आजही 'सेमाना सांता' हे पोर्तुगीज नाव आहे. शुभ शुक्रवारी रात्री भाविक दुःखी मातेची मूर्ती घेऊन आठ 'आर्मिदां'पाशी थांबत शहरभर फिरतात. १८५९ च्या कराराने पोर्तुगिजांनी हा भाग डचांच्या स्वाधीन केला. त्याआधीही दीर्घकाळ तिथे धर्मगुरूंची वानवाच होती. प्रार्थना, गीते, मिरवणूक हे सारे सांभाळले ते प्रापंचिकांच्या बंधुसंघाने. (आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट अधूनमधून आठवलेली बरी!) पाद्री नसताना टिकलेली भक्ती डोंगर सोडूनही टिकेल, मात्र माणसे एकत्र हवीत. एकाच वाडीतील कुटुंबे रिकामी घरे मिळतील तशी चार ठिकाणी विखुरली, तर क्रूस कोणी उचलायचा आणि मूर्तीची सजावट कोणी करायची, हे ठरवणारे मंडळच उरणार नाही.

म्हणून नव्या वसाहतीच्या आराखड्यात घरांबरोबर प्रार्थनामंदिर आणि दफनभूमीची जागा प्रथमपासून असावी, आणि हा आग्रह स्थानिक ख्रिस्तसभेने धरावा, असे आम्ही सुचवू. बंद क्षेत्रातील कबरींचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे ज्यांच्या आप्तांच्या कबरी दूरदेशी असतात, ते दफनभूमीतील मोठ्या क्रूसापाशी मेणबत्ती लावतात. फ्लोरेसच्या नव्या वसाहतींतही तसा एक क्रूस लवकर उभारता येईल. त्यासाठी घरे पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.