शांत बाळ आणि प्रामाणिक उत्तरे



‘आमचे बाळ फार शांत आहे, कोणाला त्रास नाही,’ असे आपल्या घरांतून कौतुकाने सांगितले जाते. बहुधा ते कौतुक रास्तच असते. परंतु दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा रडू लागल्यावर आईच्या कुशीतही शांत होत नसेल, तर त्याची चौकशी व्हावयास हवी. सामाजिक व भावनिक विकास वजनकाट्यावर मोजता येत नाही. तो रोजच्या वागण्यातून कळतो, आणि ते वागणे आईवडिलांइतके कोणीच पाहिलेले नसते.

म्हणूनच तज्ज्ञ पालकांना ठरावीक प्रश्न विचारतात. ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनाचे भारतीय रूपांतर फादर ए. जे. मालिन यांनी नागपूर येथे केले. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, इतर मुलांबरोबर खेळते का, असे त्यात पालकांना विचारून नोंदवितात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते आणि विकासातील विलंबही पाहावयाचा असतो. मालवणच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराचे मूल अंगणवाडीत जात असल्याने या तपासणीत येते. बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे मूल बहुधा खासगी बालवर्गात जाते, आणि तेथे हे पथक येत नाही. लस टोचून झाली की आपलीही डॉक्टरांशी भेट संपते. सुस्थितीतील घरातले मूलच असे नजरेआड राहते.

प्रश्न विचारले गेले तरी उत्तरे प्रामाणिक हवीत. ‘बाहेर कळले तर काय?’, ‘पुढे मोठ्या बहिणीचे लग्न जमवताना अडचण येईल,’ या विचाराने उत्तरे सुधारून लिहिली जातात. पत जपणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव आहे. परंतु त्याची किंमत मुलाने का मोजावी? आलोचना करताना आपण गुरूंपासून दोषही लपवीत नाही. येथे तर कोणाचा दोषच नाही.

अशी नोंद म्हणजे निदान नव्हे. बँकेत हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते. परंतु त्याआधीच त्याची विशेष नोंद घेतली जाते. त्या नोंदीने खाते बुडीत होत नाही, लक्ष मात्र वेळेवर जाते. मुलाच्या बाबतीतही पुढील तपासणीत कधी केवळ ऐकण्यातील दोष आढळतो, कधी काहीच आढळत नाही. विलंब असल्यास पहिल्या काही वर्षांत केलेले साहाय्य अधिक उपयोगी पडते, कारण त्या वयात मेंदूची वाढ वेगाने होत असते.

आपल्या घरी माता-बाल संरक्षण कार्ड असेल, तर त्यातील वयानुसार विकासाची पाने या आठवड्यात वाचावीत. आई, वडील व आजी यांनी आपापली उत्तरे स्वतंत्रपणे लिहून मग ताडून पाहावीत. शंका राहिल्यास तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे, किंवा ओरोस येथील जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ‘मोठेपणी आपोआप सुधारेल,’ असे कोणी म्हटले, तरी ती भेट पुढे ढकलू नये.