हिवाळ्यातली भेट

मराठी भाषेने काही बाबतींत मोठी काटकसर केलेली आहे. हातात ठेवायची वस्तू तीही भेट, आणि दोन जीव समोरासमोर आले म्हणजे होते तीही भेटच! वर्गात हा शब्द आला की मुले दोन्ही अर्थ वहीत उतरवून मोकळी होतात. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की, ज्या भेटीतून भेट घडत नाही, ती नुसती खरेदी होय.

हा विचार डोक्यात शिरला तो एका फोनमुळे. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर इंग्लंडात राहते. तिच्या शेजारी एक वृद्ध बाई आहेत. एकट्याच असतात, बागेचा आणि पाखरांचा भारी नाद. "सर, नाताळात त्यांना काय देऊ?" असा तिचा प्रश्न. मराठीच्या मास्तराला हे विचारणे म्हणजे सोनाराच्या दुकानात खुरपे मागण्यासारखेच. पण प्रश्न विचारला गेला की उत्तर दिल्यावाचून प्राध्यापकाला चैन पडत नाही. मी पुस्तके काढून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती तिथल्या हिवाळ्याची. आपला हिवाळा म्हणजे हुरडा, बोरे आणि पहाटेची एक ज्यादा चादर. लंडनला डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी आठला उगवतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. म्हणजे पाखरांना पोट भरायला जेमतेम आठ तास, आणि पुढे सोळा तासांची थंडगार रात्र उपाशी काढायची! रॉबिनसारख्या पाखराचे वजन ते केवढे? वीसएक ग्रॅम. जमीन गोठली की किडे-गांडुळे मिळत नाहीत. अशा वेळी कोणी बाग खणायला घेतली की रॉबिन अगदी फावड्यापाशी येऊन उभा राहतो. बागवाल्यांना वाटते, काय हा लोभ! लोभ खराच, पण गांडुळांचा.

हाच रॉबिन नाताळच्या शुभेच्छापत्रांवर जाऊन बसला आहे. 1843 साली हेन्री कोल या गृहस्थांनी पहिले नाताळपत्र छापून घेतले, एक शिलिंग किमतीचे. पुढे ही चाल वाढली. त्या काळी तिकडच्या पोस्टमनचा कोट लाल असे, म्हणून लोक त्यालाच कौतुकाने 'रॉबिन' म्हणत. आणि चित्रकारांनी तांबड्या छातीच्या पाखराच्या चोचीत पत्र दिले. चित्रातला रॉबिन मोठा सालस दिसतो. खरा तसा नाही, हे डेव्हिड लॅक नावाच्या एका शाळामास्तराने दाखवून दिले. डेव्हनमधल्या डार्टिंग्टन येथे शिकवीत असताना त्याने रॉबिनांच्या पायांत रंगीत कडी घालून वर्षानुवर्षे त्यांच्यावर नजर ठेवली आणि 1943 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. हिवाळ्यातले ते गोड गाणे म्हणजे 'ही जागा माझी, पलीकडे हो' अशी तंबी असते! मादीसुद्धा हिवाळ्यात स्वतःची हद्द आखते आणि गाऊन राखते. लाल पिसांचा नुसता झुबका टांगला तरी रॉबिन त्यावर तुटून पडतो. चाळीतल्या नळावरची भांडणे पाहिलेल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको.

पाखरांकडे असे निरखून पाहण्याची रीत काही फार जुनी नव्हे. एके काळी बायकांच्या टोप्यांवर पिसांचे तुरे मिरवत, आणि त्यासाठी पक्ष्यांची सर्रास कत्तल होई. तिच्याविरुद्ध इंग्लंडातल्या काही स्त्रियांनीच 1889 साली संस्था काढली. 1904 साली तिला राजाची सनद मिळाली. अमेरिकेत तर नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन दोन तट पाडायचे आणि जो तट जास्त जीव मारील तो जिंकला, असा खेळ चाले. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने 1900 च्या नाताळात सुचवले, मारू नका, मोजा. त्या दिवशी अवघी सत्तावीस माणसे पंचवीस ठिकाणी मोजायला बाहेर पडली. आज दरवर्षी 14 डिसेंबर ते 5 जानेवारी या काळात हजारो माणसे ही गणना करतात. सण तोच, थंडी तीच. हातातली वस्तू तेवढी बदलली.

हे सारे वाचून मी विद्यार्थिनीला कळवले ते असे. दाण्याची टांगती नळी आणि सूर्यफुलाच्या बिया द्यायला हरकत नाही. पण सोबत एक घासणीही दे. घाणेरड्या नळीतून रोग पसरतो, आणि तिकडच्या ग्रीनफिंच नावाच्या पाखरांची संख्या 2005 नंतर अशाच एका रोगाने फार खालावली आहे. खारवलेले दाणे नकोत. घरट्याची लाकडी पेटी द्यायची तर भोकाचे माप पाहून घे: चिमणीला बत्तीस मिलिमीटर, छोट्या ब्लू टिटला पंचवीस. पिल्ले वसंतात होतील; पण हिवाळ्यातही पेटी रिकामी राहते असे नाही. रेन नावाची चिमुकली पाखरे ऊब मिळावी म्हणून तीत दाटीवाटीने रात्र काढतात. एकाच पेटीत साठांहून अधिक सापडल्याची नोंद आहे!

आणि मुख्य म्हणजे, जानेवारीच्या अखेरीस एक तास मोकळा ठेव. तिकडे 1979 पासून एक उपक्रम चालतो: तासभर खिडकीशी बसून आपल्या बागेत उतरलेली पाखरे मोजायची. तो तास शेजारणीच्या खिडकीत बस. त्या पाखरे ओळखतील, तू आकडे लिही. थंडी पाखरांनाच सोसावी लागते असे थोडेच आहे?

भेटवस्तूतून कशाशी भेट होईल, हे मात्र देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुंबईत एका मुलाला मामांकडून छऱ्याची बंदूक मिळाली. तिने त्याने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्याला नाव सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. दिलेली वस्तू बंदूक होती. घडलेली भेट पाखरांशी होती, आणि ती जन्मभर पुरली.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडेही पाहुणे आलेले असतात. ओल्या गच्चीवर किंवा नळाच्या डबक्यापाशी शेपूट वरखाली हलवीत तुरुतुरु चालणारा परीट पाहा. उत्तरेच्या थंड मुलखातून तो इथवर आलेला असतो. त्याला चकली-करंजी नको. दहा मिनिटे गप्प बसायला मात्र हवे. फराळाची ताटे घरोघर पोचवून झाली की खुर्ची गच्चीत न्या. आणि घरातले आजोबा किंवा शेजारच्या एकट्या काकू रिकाम्या असतील, तर दुसरी खुर्ची त्यांच्यासाठी न्या.