राजा, शास्त्री आणि तलाठी

राज्य तत्त्वज्ञाने करावे, असे प्लेटो सांगून गेला. सातारा-सांगलीकडून पाहिले की त्याचा प्रश्न अर्धवट वाटतो. शहाणा कोण, हे ठरेलही. पण त्याचे ऐकायचे का?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी नवी घटना दिली, आणि सत्ता ग्रामपंचायतींकडे वळवली. विचारी राजाने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे सत्ता सोडणे! वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यशवंतराव चव्हाणांच्या विश्वासातले. शास्त्रीजींकडे विश्वकोश आला, गृहखाते आले नाही. दोन्हींचे भलेच झाले, असे आमचे मत.

आणि नाना पाटील? येडेमच्छिंद्रचे, तलाठ्याची नोकरी सोडलेले. १९४३ ते १९४६ या काळात त्यांच्या प्रतिसरकारला कायद्याचा कसलाच आधार नव्हता. तरी जमिनीचे, सावकारीचे तंटे लोक कोर्टाऐवजी त्यांच्या न्यायमंडळापुढे नेत. निवाडा गावातच, गावकऱ्यांसमोर होई. शिक्षा कठोर असत, कधी क्रूरही. गौरव करताना ते झाकू नये. कुंडल हे त्यांचे मोठे केंद्र औंध संस्थानातच होते, हा योगायोग नव्हे. राजाने मोकळी केलेली जागा लोकांनी वापरली.

भीती किती आणि विश्वास किती, याची मोजदाद तेव्हा कोणी केली नाही. ती संधी १९५७ साली आली: साताऱ्याने नानांना मतपेटीतून लोकसभेत पाठवले.